मालमत्तेचे गुन्हे आणि त्यांच्या बंदोबस्तावरचा खर्च : सांगली जिल्ह्यातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा, पलूस आणि जत भागातील वाचक चोरी, घरफोडी, केबलचोरी आणि त्यांवर होणाऱ्या खर्चाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याचे दोनदा उत्तर टाळण्यासाठी गरज पडेल तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याचे उल्लेख १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता यांचे आहेत. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागू होते. ज्या उदाहरणात ‘समजा’ म्हटले आहे, तेथील आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत.

१. चोरीचे अर्थशास्त्र म्हणजे काय? चोर काय वही-पेन घेऊन हिशेब करतो का?

वही-पेन घेऊन करत नाही, पण हिशेब असतो. १९६८ मध्ये गॅरी बेकर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने अशी मांडणी केली की गुन्ह्यातून मिळणारा फायदा, पकडले जाण्याची शक्यता, पकडले गेल्यास होणारी शिक्षा आणि तेवढ्याच वेळात सरळ मार्गाने होणारी कमाई यांची तुलना करून माणूस गुन्ह्याकडे वळतो किंवा वळत नाही. बेकर यांना १९९२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्यामागे या कामाचाही वाटा होता. प्रत्येक चोर असाच वागतो, असा या मांडणीचा दावा नाही. नशेत किंवा रागाच्या भरात केलेल्या गुन्ह्याला ती फारशी लागू पडत नाही. मात्र हजारो चोऱ्या एकत्र पाहिल्या तर त्या किमती, संधी आणि जोखीम यांच्या मागे जाताना दिसतात. बंदोबस्तावरचा पैसा या चारपैकी नेमका कोणता आकडा बदलतो, हा प्रश्न पुढील सर्व उत्तरांच्या मुळाशी आहे.

२. चोरी, घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा यांत फरक काय?

मालकाच्या संमतीवाचून जंगम वस्तू अप्रामाणिकपणे हलवणे म्हणजे चोरी. घरात किंवा माल ठेवण्याच्या इमारतीत केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुलूप तोडून किंवा अशाच मार्गाने आत शिरणे ही घरफोडी होते, आणि ती रात्री चोरीच्या उद्देशाने केली असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. गळ्यातील मंगळसूत्र हिसकावणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. मारहाण करून किंवा धाक दाखवून माल नेला तर ती जबरी चोरी, आणि तेच काम पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले तर तो दरोडा ठरतो. घरी परतल्यावर कुलूप तुटलेले पाहून अनेक जण ‘दरोडा पडला’ असे सांगतात, पण कागदावर ती घरफोडी असते.

३. चोरलेली वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडतेच. मग समाजाचे नुकसान कसले?

हा प्रश्न खोडसाळ वाटतो, पण तो अर्थशास्त्रातला जुना आणि गंभीर प्रश्न आहे. एकाच्या खिशातले हजार रुपये दुसऱ्याच्या खिशात गेले तर समाजाची एकूण संपत्ती तेवढीच राहते, हे खरे. परंतु चोराने चोरीवर घालवलेला वेळ आणि मालकाने कुलपे, जाळ्या, राखणदार यांवर घातलेला पैसा यांतून नवे काहीच पिकत नाही, आणि खरा तोटा तो आहे, असे गॉर्डन टलॉक या अर्थतज्ज्ञाने १९६७ मध्ये दाखवून दिले. शिवाय बहुतेक चोऱ्यांत मालकाचे नुकसान चोराच्या कमाईपेक्षा कितीतरी मोठे असते.

कृष्णाकाठच्या किंवा विहिरीवरच्या मोटारीची केबल घ्या. चार चौरस मिलिमीटरच्या तीन कोअर केबलमध्ये मीटरमागे सुमारे १०७ ग्रॅम तांबे असते, म्हणजे शंभर मीटर केबलमध्ये साधारण पावणेअकरा किलो. चोरटे केबल तोडतात, ओढ्यात किंवा पडीक रानात नेऊन वरचे आवरण जाळतात आणि उरलेली काळवंडलेली तार किलोवर विकतात. समजा त्यांना किलोला ५०० रुपये मिळाले, तर हाती पाच-साडेपाच हजार येतात. शेतकऱ्याला मात्र नवी केबल पूर्ण भावाने घ्यावी लागते, वायरमनला बोलवावे लागते, आणि द्राक्षमणी फुगण्याच्या काळात बागेची दोन पाणी चुकली तर जे नुकसान होते ते केबलच्या किमतीत मोजताच येत नाही. या चोरीत पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जाताना त्यातला बराचसा वाटेतच जळून जातो.

४. शिक्षा कडक केली की चोऱ्या थांबतील, असे का करत नाहीत?

कारण शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा पकडले जाण्याची शक्यता किती आहे याचा परिणाम अधिक होतो, याबाबत अभ्यासकांत बऱ्यापैकी एकमत आहे. रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांची तरतूद असूनही घरफोड्या होतात, कारण चोरट्याच्या डोळ्यांसमोर चौदा वर्षे नसतात. मागच्या खेपेला आपण सापडलो नव्हतो, हे असते.

शिक्षा फार कडक केली तर ती प्रत्यक्षात कमी वेळा होते, हा उलटा परिणामही इतिहासात दिसला आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये राहत्या घरातून चाळीस शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा माल चोरल्यास फाशी होती. पंच मंडळींना एवढ्यासाठी माणूस फासावर चढवणे पटत नसे, म्हणून ती धडधडीत महाग वस्तूची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवून आरोपीचा जीव वाचवत. कायदा कठोर होता, पण तो लागू होण्याची खात्री त्या कठोरपणामुळेच पातळ झाली होती.

तुरुंगाचाही खर्च असतो, आणि तो करदात्याच्या खिशातून जातो. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. खटला लवकर निकाली काढण्यावर घातलेला रुपया शिक्षेची वर्षे वाढवण्यापेक्षा अधिक कामाचा ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

५. पोलिसांचा खर्च कोण करतो? आम्ही महापालिकेला घरपट्टी भरतो, त्यातून जातो का?

नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. सांगली जिल्हा पोलीस दलाचे पगार, वाहने आणि इमारती यांचा मुख्य खर्च राज्याच्या गृह विभागाच्या अंदाजपत्रकातून होतो. देशातील राज्ये सरासरी आपल्या एकूण खर्चाच्या सुमारे चार टक्के रक्कम पोलिसांवर खर्च करतात आणि तिचा फार मोठा हिस्सा पगार व निवृत्तिवेतनात जातो. तपासाची साधने, प्रशिक्षण, न्यायवैद्यक तपासणी यांसाठी उरते ते थोडेच.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून वाहने आणि कॅमेरे घेतले जातात. सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेकडे येतात ते पथदिवे, रस्ते आणि मोकळ्या जागांची निगा. चोरीच्या दृष्टीने हे दुय्यम समजू नये, कारण अंधारा बोळ उजळणे हे काम पोलीस ठाण्याचे नसून महापालिकेचे आहे आणि तक्रार तेथेच करावी लागते. गावात पोलीस पाटील हे पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानुसार आहे. त्यांना मिळते ते मानधन. गावच्या माहितीच्या बदल्यात सरकार जे मोजते, त्यात याहून स्वस्त सौदा क्वचितच असेल.

६. पोलीस वाढवले की चोऱ्या कमी होतात का? आमच्याकडे उलटच दिसते; जिथे पोलीस जास्त, तिथे गुन्हेही जास्त.

जिथे गुन्हे जास्त तिथे पोलीस अधिक नेमले जातात, म्हणून तसे दिसते. कारण आणि परिणाम वेगळे काढायचे तर पोलीस गुन्ह्यांशी संबंध नसलेल्या कारणाने वाढलेले उदाहरण शोधावे लागते. तसे एक मिळाले. जुलै १९९४ मध्ये अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस शहरात ज्यू संस्थेच्या इमारतीवर बॉम्बहल्ला झाला आणि त्यानंतर शहरातील सर्व ज्यू संस्थांबाहेर चोवीस तास पोलीस उभे राहिले. ज्या गल्ल्यांत हा पहारा होता तेथे वाहनचोऱ्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. मात्र एक-दोन गल्ल्या पलीकडे तो परिणाम जवळपास दिसला नाही.

याच्या शेजारी अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा १९७२-७३ चा प्रयोग ठेवून पाहावा. तेथे काही भागांत गाडीतील नेहमीची गस्त बंद केली, काहींत ती दुप्पट-तिप्पट केली आणि काहींत होती तशी ठेवली. वर्षभराने गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, आणि गस्त बदलल्याचे रहिवाशांच्या लक्षातही आले नव्हते.

दोन्हींचा मेळ असा बसतो की ठरावीक जागी उभा असलेला पोलीस काम करतो आणि निळा दिवा लावून सगळीकडून फिरणारी गाडी फारसे काम करत नाही. बाजार समितीत हळद आणि बेदाण्याच्या सौद्याचे दिवस, मिरज जंक्शन, सराफ कट्टा, गणेशोत्सवातील गर्दीच्या जागा, हे मोजके ठिपके निवडून तेथे पायी बंदोबस्त देणे, हे तेवढ्याच पगारात अधिक फळ देणारे आहे.

७. आमच्या ग्रामपंचायतीला वीस कॅमेरे बसवायचे आहेत. पैसे सार्थकी लागतील का?

जगभरातील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की कॅमेऱ्यांमुळे गुन्ह्यांत सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास घट होते. परिणाम सर्वाधिक दिसतो तो वाहनतळांवर, आणि कॅमेऱ्याकडे कुणीतरी प्रत्यक्ष लक्ष ठेवत असेल तेव्हा. म्हणजे फायदा आहे, पण वेशीवर लावलेल्या फलकावरून वाटतो तेवढा नाही.

अडचण खरेदीत नसून पुढच्या वर्षांत येते. निधी कॅमेरे विकत घेण्यासाठी मिळतो. वीजबिल, इंटरनेट, हार्डडिस्क, विजेच्या लपंडावात जळालेला अडॅप्टर आणि माकडांनी ओढलेली वायर यांसाठी मिळत नाही. दोन पावसाळ्यांनंतर किती कॅमेरे चालू आहेत, हे मासिक सभेत विचारून पाहावे. वीसऐवजी सहा कॅमेरे गावात येण्या-जाण्याच्या वाटांवर, वाहनाचा क्रमांक वाचता येईल अशा उंचीवर बसवावेत आणि उरलेल्या पैशातून पाच वर्षांच्या देखभालीचा करार करावा, असे मी सुचवीन. चित्रीकरण किती दिवस साठते हेही आधीच ठरवावे, कारण बाहेरगावी गेलेले कुटुंब दहा दिवसांनी परतते आणि साठवण सातच दिवसांची असते.

८. आम्ही बंदोबस्त केला तर चोर शेजारच्या गल्लीत जाईल. मग एकूण फायदा काय?

काही प्रमाणात जातो, सगळा जात नाही. एका ठिकाणच्या उपायामुळे गुन्हा दुसरीकडे सरकला का, हे तपासणाऱ्या शंभरावर मूल्यमापनांच्या आढाव्यात सुमारे एक चतुर्थांश निरीक्षणांत तसे सरकणे आढळले, आणि जवळपास तेवढ्याच निरीक्षणांत उलट शेजारच्या भागालाही फायदा झालेला दिसला.

येथे उपाय दिसणारा आहे की लपलेला, हे महत्त्वाचे ठरते. दारावरची जाडजूड लोखंडी जाळी चोराला शेजाऱ्याचे दार दाखवते. ट्रॅक्टरमध्ये लपवून बसवलेले जीपीएस यंत्र मात्र सर्वांच्या कामी येते, कारण कोणत्या ट्रॅक्टरमध्ये ते आहे हे चोराला कळत नाही आणि प्रत्येक ट्रॅक्टरबाबत त्याची जोखीम वाढते. अमेरिकेत गाड्यांतील अशा लपवलेल्या यंत्रांच्या अभ्यासात हाच परिणाम दिसला: बसवणाऱ्याला मिळाला त्याहून कितीतरी मोठा फायदा न बसवणाऱ्या शेजाऱ्यांना झाला. म्हणून अनुदान द्यायचेच असेल तर ते लपलेल्या उपायाला द्यावे. दिसणारा उपाय माणूस स्वतःच्या पैशाने करतोच.

तडीपारीलाही हाच नियम लावून पाहावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली सराईत गुन्हेगाराला दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येते. सांगली जिल्ह्याच्या दृष्टीने हा कमी खर्चाचा उपाय आहे, पण तो माणूस राहतो कुठेतरीच, आणि सीमेपलीकडे कर्नाटक आहे. लगतच्या जिल्ह्यांतूनही एकत्रित हद्दपारी का काढतात, याचे कारण येथे आहे.

९. आमच्या विश्रामबागेतील सोसायटीने राखणदार ठेवावा का? हिशेब कसा करायचा?

समजा चाळीस घरे आहेत आणि दोन पाळ्यांचे दोन राखणदार मिळून महिन्याला २४,००० रुपये घेतात. घरटी महिना ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये झाले. आता समजा तुमच्या भागात वर्षाला दोनशे घरांमागे एक घरफोडी होते आणि सरासरी नुकसान तीन लाखांचे असते. घरटी अपेक्षित नुकसान वर्षाला १,५०० रुपये. राखणदाराने प्रत्येक चोरी थांबवली, असे धरले तरी केवळ चोरीपुरता हा सौदा तोट्याचा आहे.

पण तो पाण्याची मोटार सुरू करतो, पार्सल घेतो, वृद्धांकडे लक्ष ठेवतो आणि रात्री निर्धास्त झोप देतो. या गोष्टींची किंमत तुमची तुम्ही धरावी. दिवाळी आणि मे महिन्यात, जेव्हा अर्धी सोसायटी गावी असते, फक्त तेव्हाच जादा माणूस ठेवणे हा मधला मार्ग बहुतेकांना परवडतो. त्याच काळात दागिने घरात न ठेवणे त्याहून स्वस्त आहे (प्रश्न १२ पाहा).

१०. शेतातील केबल आणि मोटारी वारंवार चोरीला जातात. फिर्याद द्यायला गेलो तर नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घेतात. काय करावे?

याचे एक कारण नव्या कायद्यात आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या साध्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या व्यक्तीने माल किंवा त्याची किंमत परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे, आणि अशी चोरी अदखलपात्र ठरवली गेली आहे. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. त्यामुळे किमतीची नोंद निर्णायक ठरते. केबलची पावती जपून ठेवावी, लांबी आणि जाडी फिर्यादीत लिहावी, आणि केबलसोबत स्टार्टर किंवा पाइप गेला असेल तर तोही सांगावा. मालमत्ता ठेवण्याच्या बंद खोलीतून, म्हणजे कुलूप लावलेल्या मोटारघरातून, माल गेला असेल तर ते आवर्जून नमूद करावे; इमारतीतील चोरीचे कलम वेगळे आहे आणि त्याला पाच हजारांची ही मर्यादा नाही. अदखलपात्र नोंद झालीच, तरी ती दिल्याशिवाय राहू नये, कारण एकाच शिवारातल्या दहा नोंदी एकत्र आल्या की गस्त कुठे हवी ते कागदावर दिसते.

शेतीपंपांना थ्री फेज वीज ठरावीक वेळापत्रकाने मिळते, हे चोरट्यांनाही ठाऊक असते. वीज नसते तेव्हाच केबल निर्धास्त तोडता येते. राखण करायची तर ती त्या तासांत करावी. आळीपाळीने गट केले तर प्रत्येकाला आठवड्यातून एखादी रात्र पुरते.

खरा उपाय मात्र शिवारात नाही, तो विक्रीच्या जागी आहे. तांब्याचा भाव वाढला की तांब्याच्या चोऱ्या वाढतात, हे लंडनच्या आकडेवारीवरून दाखवले गेले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या अखेरीस भंगाराची रोखीने खरेदी बंद झाली आणि २०१३ मध्ये विक्रेत्याची ओळख पडताळणे सक्तीचे झाले. त्यानंतर धातूंच्या चोऱ्या खूप घटल्या, अर्थात त्याच काळात भावही उतरले होते. आपल्याकडे जाळलेली तार कुणी आणली, हे भंगाराच्या दुकानात कोणी विचारत नाही. तालुक्यातील भंगार दुकाने मोजकी असतात आणि विहिरी हजारो. पाहणी कुठे करणे स्वस्त पडेल, हे सांगण्यासाठी अर्थतज्ज्ञ लागत नाही.

११. सोन्याचा भाव लाखावर गेल्यापासून घरफोड्या सोन्यासाठीच होतात का? आणि आमच्यासारख्या गलाई व्यावसायिकांनी नकळत चोरीचे सोने घेतले तर?

२०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. दूरचित्रवाणी संच उचलून नेणे अवघड आणि जुना झाल्यावर त्याला किंमत नाही. सोने खिशात मावते, ते वितळवता येते आणि वितळल्यावर त्याला ओळख उरत नाही. एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यांवर सहा अंकी-अक्षरी हॉलमार्क क्रमांक सक्तीचा आहे, आणि खरेदीची पावती व दागिन्याचे छायाचित्र जपले तर ओळख पटवायला त्याचा उपयोग होतो. परंतु मुशीत गेलेल्या सोन्यापुढे तो क्रमांक निरुपयोगी आहे.

दुसरा प्रश्न खानापूर, आटपाडी, तासगाव तालुक्यांतून नेहमी येतो, कारण तेथील गलाई व्यावसायिक देशभरातील शहरांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे, हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. खरोखर नकळत घेतला असेल तर गुन्हा होत नाही, पण नकळत घेतला हे दाखवणारा कागद तुमच्याकडे असावा लागतो: विक्रेत्याचे ओळखपत्र, वजन, छायाचित्र, आणि रक्कम बँकेतून दिल्याची नोंद. बाजारभावापेक्षा बराच कमी दर हेच अनेकदा ‘मानायला कारण’ ठरते. सोने मात्र जप्त होऊ शकते आणि दिलेले पैसे विक्रेत्याकडून वसूल करण्याचे काम तुमच्याकडे उरते. या नोंदी ठेवण्याचा त्रास प्रामाणिक व्यावसायिकाला होतो हे खरे आहे. पण चोराचा नफा मोडण्याची सर्वात अरुंद जागा हीच आहे.

१२. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले तर पूर्ण भरपाई मिळते ना?

नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट रकमेपर्यंतच आहे. भाडे २,००० रुपये असेल तर दोन लाख; आजच्या भावाने त्यात वीस ग्रॅम सोनेही येत नाही. नागरी सहकारी बँकांनाही हा नियम लागू आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत, त्यामुळे पतसंस्थेचा लॉकर घेताना करारात काय लिहिले आहे तेच खरे. तरीही घरातील कपाटापेक्षा लॉकर सुरक्षित आहे, आणि दागिन्यांचा वेगळा विमा उतरवता येतो.

१३. माझी दुचाकी मिरज स्थानकाबाहेरून चोरीला गेली. विमा चालू आहे, तरी कंपनी पैसे नाकारते. का?

बहुधा चालू असलेला विमा केवळ तृतीय पक्षाचा असावा. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, पण स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा, ज्यात चोरी येते, तो बहुतेकदा एकच वर्षाचा असतो. पाच वर्षांचा कागद पाहून मालक निर्धास्त राहतो.

चोरीचा विमा असेल तर पोलिसांत लगेच फिर्याद द्यावी आणि कंपनीलाही कळवावे. फिर्याद वेळेवर दिलेली असताना केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, असा ‘अ समरी’ अहवाल न्यायालयात गेल्यावर कंपनी रक्कम देते. ती वाहनाच्या घोषित मूल्याइतकी असते, आणि ते मूल्य चौथे वर्ष पूर्ण झाल्यावर निम्म्यावर आलेले असते. दोन्ही किल्ल्या मागतात, कारण विमा आहे म्हणून किल्ली गाडीलाच ठेवणारे लोक असतात, आणि त्यांचा हप्ता शेवटी तुमच्यावर पडतो.

१४. चोर सापडला, माल जप्त झाला, पण दागिने पोलीस ठाण्यातच पडून आहेत. ते कधी मिळतील?

न्यायालयात अर्ज करावा; खटला संपेपर्यंत थांबण्याची गरज नाही. मुद्देमालाची यादी चौदा दिवसांत करून, छायाचित्रे घेऊन, त्यानंतर तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश द्यावा, अशी तरतूद नव्या संहितेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच मुद्देमाल विनाकारण अडकवून ठेवू नये असे सांगितले होते. पावती, छायाचित्र आणि फिर्यादीतील वर्णन जुळले की सुपुर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, दागिने मिळतात. गळ्यातले वितळवून लगड झाली असेल आणि ती अनेक फिर्यादींच्या सोन्याची असेल, तर मात्र वाटणीचा पेच पडतो आणि वेळ जातो.

१५. दुष्काळ आणि बेकारी वाढली की चोऱ्या वाढतात, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी. देशातील जिल्ह्यांच्या कित्येक वर्षांच्या आकडेवारीवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाऊस कमी पडून शेतीचे उत्पन्न घटल्यास गुन्हे वाढतात आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांवर हा परिणाम अधिक असतो, असे आढळले. याचा अर्थ गरीब माणूस चोर असतो असा नव्हे. दुष्काळात जत-आटपाडीची बहुसंख्य कुटुंबे स्थलांतर करतात, ऊसतोडीला जातात, जनावरे विकतात. म्हैसाळ, टेंभू, ताकारी योजनांचे पाणी किंवा रोजगार हमीचे काम वेळेवर मिळणे हा अंदाजपत्रकात गुन्हेनियंत्रणाखाली न दिसणारा गुन्हेनियंत्रणाचा खर्च आहे.

१६. ठरावीक जमातींचे लोकच चोऱ्या करतात, त्यांच्यावरच लक्ष ठेवले तर खर्च वाचणार नाही का?

नाही, आणि हा विचार हिशेबातही चुकतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले; तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पारध्यांच्या वस्तीवर प्रत्येक चोरीनंतर धाड पडत असेल, तर तेथील सरळ वागणाऱ्या तरुणाला सरळपणाचा काहीच फायदा उरत नाही: चोरी केली तरी पकडणार, नाही केली तरी पकडणार. प्रश्न १ मधील तुलनेत शिक्षेची भीती दोन्हीकडे सारखीच झाली की तिचा धाक संपतो. शिवाय खरा चोर दुसरीकडचा असेल तर तो तेवढा वेळ मोकळा राहतो.

१७. वर्षभरात चोरीचे गुन्हे वाढल्याची बातमी आली. म्हणजे पोलीस कमी पडले का?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. नोंद वाढली की आकडा वाढतो. आता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते, ती ऑनलाइन पाठवून तीन दिवसांत सही करता येते, आणि त्यामुळे पूर्वी न नोंदवलेल्या चोऱ्या कागदावर येतात. राष्ट्रीय आकडेवारीत एका फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर सर्वात गंभीर तेवढाच मोजला जातो, म्हणून चोरी करताना खून झाला तर ती चोरी मोजणीत दिसत नाही. तुलना करायचीच तर वाहनचोरीची करावी. विम्यासाठी फिर्याद लागत असल्याने तिची नोंद इतर चोऱ्यांपेक्षा भरवशाची असते.

गुन्हे कमी दाखवले की अधिकाऱ्याचे कौतुक, अशी पद्धत असेल तर फिर्याद न घेण्याला बक्षीस मिळते. त्यापेक्षा किती माल परत मिळाला हे पाहावे. देशभरात चोरीला गेलेल्या मालापैकी किमतीने एक तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी माल परत मिळतो.

१८. आता सगळे फोनवरून पैसे देतात. रोख कमी झाल्यामुळे चोऱ्या कमी झाल्या का?

रोख कमी झाल्याचा परिणाम होतो, याला पुरावा आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात सरकारी मदत, वटवून रोख घ्याव्या लागणाऱ्या धनादेशाऐवजी, कार्डवर देऊ लागल्यावर एकूण गुन्हे जवळपास दहा टक्क्यांनी घटले. आपल्याकडे मात्र खिसा हलका झाला तसा मोबाइलच मौल्यवान झाला. तो चोरीला गेल्यास केंद्राच्या संचार साथी संकेतस्थळावरून आयएमईआय क्रमांक बंद करावा, म्हणजे विकत घेणाऱ्याला तो निरुपयोगी ठरतो. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवणे शक्य असते आणि तेथे तासांचा फरक पडतो.

१९. व्यापाऱ्याने द्राक्षे नेली, धनादेश वटला नाही आणि तो पळून गेला. ही चोरी धरता येईल का?

नाही, कारण माल तुम्ही संमतीने दिला होता. सुरुवातीपासूनच पैसे न देण्याचा हेतू होता असे दाखवता आले तर ती फसवणूक होते. नुसती थकबाकी असेल तर दिवाणी दावा. वटला नाही तो धनादेश मात्र स्वतंत्र फौजदारी मार्ग देतो: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस आणि नोटीस मिळून पंधरा दिवसांत रक्कम न आल्यास त्यानंतर एका महिन्यात तक्रार. या मुदती हुकल्या की मार्ग अडतो. एका बागायतदाराचे एका हंगामात बुडणारे पैसे अनेक घरफोड्यांच्या मालाहून जास्त असतात, पण या नुकसानीसाठी कुणी रात्रीची गस्त मागत नाही. व्यापाऱ्याचा परवाना, आधार आणि गाडीचा क्रमांक सौद्याच्या दिवशीच लिहून घेणे, आणि निम्मी रक्कम गाडी भरण्याआधी खात्यावर घेणे, एवढे केले तरी त्याच्या पळून जाण्याचा नफा निम्मा होतो.